नोटीस पीरियडचे चार रविवार

राजीनाम्याचा मेल 'सेंड' झाला की दोन गोष्टी एकदम घडतात. आजवर टार्गेटशिवाय दुसरा विषय न काढणारा बॉस चहाला बोलवायला लागतो आणि आपलं रोजचं, धुळीचं, ओळखीचं गाव अचानक फोटोजेनिक दिसायला लागतं! माझ्या बाबतीत ते गाव म्हणजे सिन्नर.

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी छोटासा इंट्रो. नाशिकहून पुण्याकडे निघालात की मोहदरी घाट चढून तीसेक किलोमीटरवर लागतं ते सिन्नर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांसाठी ते शिर्डीच्या वाटेवरचा चहाचा स्टॉप असेल. आता तर बायपासमुळे गावात न शिरताही पुढे सटकता येतं. मी मात्र इथेच जन्मले, इथेच शिकले आणि सहा वर्षं इथल्याच माळेगाव एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला काढली. आता बंगलोर. पॅकेज चांगलं, काम चांगलं, 'नाही' म्हणायला कारणच नव्हतं. हातात महिन्याभराचा नोटीस पीरियड, म्हणजे मोजून चार रविवार.

क्वालिटीवाल्यांना एक्सेल शीटशिवाय झोप येत नाही. मी रात्री बसून यादी केली: गोंदेश्वर, आयेश्वर, गारगोटी म्युझियम, दुबेरे, पट्टा किल्ला, नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. घरापासूनच्या अंतरानुसार सॉर्टही केली. आई तांदूळ निवडत होती. तिने स्क्रीनकडे बघून विचारलं, "पहिलं काय?"

म्हटलं, "गोंदेश्वर. सगळ्यात जवळ."

"तो कुठं पळून चाललाय?"

बस्स, एवढंच. पण बॉस, पॉइंट होता! आठ-नऊशे वर्षं उभं असलेलं देऊळ दिवाळीला येईन तेव्हाही तिथेच असणार. मी शीटमध्ये एक नवा कॉलम टाकला: 'पुढच्या वेळी हे असेल का?' आणि यादी त्यावर सॉर्ट केली. सगळा क्रमच उलटा झाला. पट्टा आणि पक्षी तळाशी गेले, गोंदेश्वर चौथ्या रविवारी गेला आणि एक नंबरला आली ती आईच.

रविवार पहिला : सूप

सिन्नरची खरी इंडस्ट्री एमआयडीसीच्या कितीतरी आधीची आहे. बिडी. आमच्या गल्लीत दुपारी ओट्यावर चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असायच्या. सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोरा. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, त्या मापाने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हे सगळं सासूबद्दल बोलता बोलता. नजर सुपात कमी आणि गल्लीत जास्त!

आई लग्न होऊन आल्यापासून वळते आहे. अंग साथ देत असेल तर दिवसाला हजार. पण आता डोळे दुखतात, त्यामुळे या दिवाळीनंतर बंद करायचं तिने ठरवलंय. म्हणजे पुढच्या वेळी मी येईन तेव्हा हे सूप घरात नसेल.

म्हणून त्या रविवारी मी कुठेच गेले नाही. तिच्यासमोर बसले आणि विचारत गेले. कोणी शिकवलं? (आजेसासूने.) पहिल्या पैशांचं काय घेतलं? (स्टीलचा हंडा, अजून वापरात आहे.) सगळ्यात वाईट काय? (पाठ नव्हे, 'छाट'.) छाट म्हणजे कारखान्यात बिड्या तपासताना बाजूला काढलेला माल. पान फाटकं, भरण कमी, बांधणी सैल, की गेली छाटमध्ये. मेहनत तुमची, पैसे शून्य. मी हसायला लागले. सहा वर्षं माझं काम तेच होतं हो! आमच्याकडे त्याला 'रिजेक्शन' म्हणतात आणि त्यासाठी एसी केबिन मिळते.

मीही वळून बघितल्या. आईने अंगठ्याने एकेक दाबली आणि दोन सेकंदांत रिपोर्ट दिला, "दहातल्या आठ छाट." प्लांटमधलं कुठलंच गेज इतक्या फास्ट रीडिंग देत नाही.

एक गोष्ट त्या दिवशी नीट समजून घेतली. बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा 1976 चा. बिड्यांवर सेस बसायचा आणि त्यातून दवाखाने, घरं, मुलांच्या स्कॉलरशिप चालायच्या. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो सेस गेला. माझ्या कॉलेजच्या काही वर्षांत ती स्कॉलरशिप होती. उरलेली फी सुपातून आली. बिडी काही फार पुण्याचं प्रॉडक्ट नाही, हे आईलाही ठाऊक आहे. आमच्या घरात कोणी ओढत नाही. पण माझी डिग्री कशावर उभी आहे हा प्रश्न कुणी इंटरव्ह्यूमध्ये विचारला, तर उत्तर आता पाठ आहे.

रविवार दुसरा : आजोळ

दुबेरे सिन्नर तालुक्यातच, बसने सहज जाता येतं. पहिले बाजीराव पेशवे 18 ऑगस्ट 1700 ला इथे जन्मले. त्यांची आई राधाबाई दुबेऱ्याच्या बर्व्यांची, म्हणून बाळंतपण माहेरी. सिनेमा आल्यानंतर बर्वे वाडा बघायला येणारी मंडळी वाढली. माझं दुबेऱ्याशी नातं त्याहून पक्कं आहे: माझंही आजोळ तेच. बाजीराव आणि मी, दोघं एकाच मामाच्या गावचे! ऑफिसात ही लाइन मी सहा वर्षं वापरली.

आजी पंच्याऐंशीच्या पुढची. सकाळचं सकाळी विसरते, पण बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. 1972 ला रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, ती किती वाजता सुरू व्हायची, मुकादम कसा होता, सुकडी कशी लागायची, सगळं लख्ख. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. चाळीस मिनिटं झाली. मध्ये कोंबडी ओरडते, मामी चहा विचारते, आजी तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगते. एडिट केलेलं नाही, करणारही नाही.

संध्याकाळी आई आणि मी दुबेरगडाच्या पायऱ्या चढलो. वर सप्तशृंगीचं देऊळ आहे. वरून तालुका समजतो. पश्चिमेला ठाणगावकडे डोंगर आणि पाऊस, पूर्वेला वावीकडे कोरडी, पिवळी सपाटी. एकाच तालुक्यात पावसाचे दोन हिशेब.

आईने माझ्याबरोबर बंगलोरला यावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. सूप बंद होणार, घरात ती एकटी. टू बीएचके बघून ठेवला होता, खाली गार्डनसुद्धा. पायऱ्यांवर दम खायला बसलो तेव्हा विषय काढला.

ती म्हणाली, "तुला तुझी आई सोडवत नाही. मग मला माझी कशी सोडवेल?"

मी गप्प. खाली आजीच्या घराचा पत्रा दिसत होता. आई कधीतरी कुणाची मुलगी आहे, आणि अजून ड्यूटीवर आहे, हे डोक्यात असतं हो, पण दिसत नाही. आई दर आठवड्याला आजीकडे येते. नहायला घालते, केस विंचरते, औषधांच्या पट्ट्या बघते. हे सगळं माझ्या टू बीएचकेत बसणारं नव्हतंच.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जानेवारीत येते महिनाभर. तेवढे दिवस मामी बघेल." डील झालं. मनासारखं झालं का? नाही. पण आता फोनवर दर वेळी 'कधी येतेस' म्हणून मागे लागायचं कारण उरलं नाही.

रविवार तिसरा : गारगोट्या

हा रविवार ऑफिसच्या गँगसाठी. आमच्या लाइनवर बिहारचा एक, ओडिशाचे दोन, लातूरची एक आणि आम्ही लोकल. एमआयडीसीतली दोस्ती शिफ्टवर चालते. शिफ्ट बदलली की माणूस तीन आठवडे दिसत नाही आणि मग एक दिवस कळतं की तो सोडून गेला. म्हणजे नव्या कॉलमप्रमाणे हीसुद्धा 'पुढच्या वेळी असतील का' कॅटेगरी!

भेटायचं ठिकाण ठरलं गारगोटी म्युझियम, तेही माळेगाव एमआयडीसीतच. कारखान्यांच्या रांगेत हे काय, असं वाटतं, पण आत गेलात की सॉलिड धक्का बसतो. हिरवे, गुलाबी, पांढरेशुभ्र स्फटिक, काही तर पिसांसारखे. ही बाहेरून आणलेली दागिन्यांची खडी नव्हे, यातला कितीतरी माल आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटातला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. मग त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढत गेले. झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट अशी नावं. नाशिकच्या पांडवलेण्यांजवळच्या खाणीतलं हिरवं अ‍ॅपोफिलाइट तर जगभरच्या संग्राहकांमध्ये फेमस. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना ही पोकळी अचानक उघडते.

ओडिशावाला बराच वेळ एका दगडासमोर उभा होता. म्हणाला, "हम तो रोज यही काला पत्थर देखते हैं रोड पर." मग बाहेर टपरीवर चहा झाला आणि तिथे पहिल्यांदा कळलं की तो घरी शेतीसोबत ढोलही वाजवतो, आणि लातूरची मुलगी एमपीएससीचे अटेम्प्ट देते आहे. सहा वर्षं आम्ही एकमेकांना फक्त मशीनच्या नंबरांवरून ओळखत होतो. सगळ्यांचे गावाकडचे नंबर लिहून घेतले. कंपनीच्या ग्रुपवरून माणूस रिमूव्ह होतो, घरचा नंबर राहतो.

रविवार चौथा : देऊळ

आणि शेवटी गोंदेश्वर. आईच्या म्हणण्याप्रमाणे पळून गेला नव्हता.

लहानपणी शाळेची सहल इथेच यायची, त्यामुळे डबा कुठे खाल्ला हे जास्त आठवतं. यावेळी सकाळी लवकर, निवांत गेले. मधे महादेवाचं मुख्य मंदिर, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची लहान देवळं. याला पंचायतन म्हणतात. शिखर भूमिज शैलीचं, म्हणजे मोठ्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा. मुंबईकरांनी अंबरनाथचं शिवमंदिर बघितलं असेल तर तीच शैली, फक्त इथे शिखर चांगलं शाबूत आहे. आणि दगड? तोच, गारगोट्यांच्या पोटाचा काळा बेसॉल्ट.

यादव राजा सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपूर म्हणजे हेच सिन्नर, असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे बाराव्या शतकाच्या शेवटी पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला नेली. आजच्या भाषेत हेड ऑफिस शिफ्ट! कारकून गेले असतील, सोनार गेले असतील, चांगलं पॅकेज मिळालेले पाथरवटही गेले असतील. सिन्नर राहिलं. दरबार गेला, बाजार थांबला नाही. पुढे बिडी आली, मग एमआयडीसी, मग गोंद्याजवळून जाणारा समृद्धी महामार्ग. माझ्या जाण्याने या गावाचं काही अडणार नाही, हे त्या पायऱ्यांवर बसून फार बरं वाटलं. गिल्ट निम्म्यावर आलं! उरलेलं निम्मं मात्र गावाचं नव्हतंच. ते आईचं होतं, आणि त्याची तारीख जानेवारीत पडली होती.

तुमचाही मेल गेला असेल, तर...

* यादी करा, पण अंतरावर सॉर्ट करू नका. 'पुढच्या वेळी असेल का?' हा कॉलम टाका. देवळं, किल्ले, धरणं खाली जातील. आजी, सूप, दोस्त वर येतील.
* घरातल्या मोठ्यांचं रेकॉर्डिंग करा. 'आठवणी सांगा' म्हटलं की माणसं लाजतात. 'पहिल्या पगाराचं काय घेतलं' विचारलं की थांबत नाहीत.
* आई-वडिलांना बरोबर नेण्याचा विषय शेवटच्या रात्री, बॅग भरताना काढू नका. आधी काढा, आणि त्यांचंही कुणीतरी इथे आहे का ते बघून काढा.
* फेअरवेलला केक कापण्यापेक्षा सगळ्यांना एक दिवस गावातलंच काहीतरी दाखवा.
* आणि परतीचं तिकीट! रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या मिनिटांत फुल होतात. तारीख आत्ताच मोबाइलमध्ये लावून ठेवा. सिन्नरकरांनी स्टेशन नाशिकरोड टाकायचं. तिथून पुढे लालपरी आहेच.