मागे ठेवता येणारं काम

रिकामा प्रोसेसर किती वीज खातो, हे बरंचसं त्याला कितीदा उठवलं जातं यावर ठरतं. त्याच्या झोपेचे थर असतात. उथळ थरात घड्याळाचा ठोका तेवढा थांबतो. खोल थरात कॅशे रिकामी करून कोअरची वीजच तोडतात. पण खोल जायला आणि परत वर यायला वेळ लागतो, वीजही लागते. म्हणून पुरेशी सलग झोप मिळण्याची शक्यता दिसली तरच ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल खोल थर निवडतो. सेकंदभर विखुरलेली शंभर छोटी कामं एका दमात उरकली तर आकडेमोड तेवढीच होते, बॅटरी मात्र जास्त टिकते.

लिनक्सच्या कर्नलमध्ये काम करणाऱ्या आम्हा मंडळींसाठी 2007 हे साल महत्त्वाचं. तोवर काम असो वा नसो, कर्नलचा ठोका सेकंदाला शंभर ते हजार वेळा पडत असे. 2.6.21 आवृत्तीत रिकाम्या प्रोसेसरवरचा ठोका थांबवण्याची सोय आली. त्याच वर्षी इंटेलनं पॉवरटॉप हे साधन दिलं आणि यंत्राला कोण कितीदा उठवतं हे नावानिशी दिसू लागलं. पुढे टायमर एकत्र करण्याची पद्धत विंडोज 7 आणि ॲपलच्या मॅव्हरिक्समध्येही आली. टायमरवर निदान वेळ लिहिलेली असते, ती थोडी सरकवता येते. मला जास्त ओढ आहे ती ज्यावर वेळच लिहिलेली नाही अशा कामांची.

आरसीयूचंच घ्या. पॉल मॅकेनी यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत लिनक्समध्ये 2002 साली आली. अनेक कोअर जी माहिती वाचताहेत ती बदलायची, तर वाचकांना न अडवता नवी प्रत तयार करायची, पॉइंटर तिच्याकडे वळवायचा, आणि जुनी प्रत वाचणारे सगळे मोकळे झाले की ती पुसायची. पुसण्याचं काम, म्हणजे कॉलबॅक, रांगेत टाकून कर्नल पुढे जातो. साधी फाइल बंद केली तरी अशी एक नोंद रांगेत पडायची. मग वाचकांसाठीची मुदत सुरू करायला एक थ्रेड उठतो, मुदत संपली का हे बघायला तोच पुन्हा उठतो, आणि मेमरी परत करायला आणखी एक. काहीशे बाइट मोकळे करायला एवढी उठाठेव, आणि तीही पडद्यावर काही हलत नसताना!

जोएल फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेलं काम 2023 च्या फेब्रुवारीत आलेल्या 6.2 आवृत्तीत दाखल झालं. नोंदी लगेच हाताळायच्या नाहीत, 10 सेकंदांपर्यंत साठू द्यायच्या. रांग फार वाढली, मेमरीची चणचण भासली किंवा त्याच रांगेत एखादी घाईची नोंद आली, तर सगळ्या एकदम पुढे सोडायच्या. यंत्र रिकामं किंवा हलक्या कामात असताना साधारण 5 ते 10 टक्के वीज वाचते, असं पॅचसोबत नोंदवलेलं आहे.

खरी कसोटी होती ती पुढेच. बहुतेक नोंदी फक्त मेमरी परत करतात, त्यांची कोणी वाट बघत नसतं. काही नोंदी मात्र झोपलेल्या थ्रेडला जागं करतात. स्कझी डिस्कच्या त्रुटी हाताळणाऱ्या भागात अशी नोंद होती, संदर्भ मोजणाऱ्या काउंटरमध्येही होती. तिथे 10 सेकंद थांबलं तर बूट होतानाच यंत्र रेंगाळतं. आणि रांगेत टाकणारं फंक्शन दोन्ही प्रकारच्या नोंदींसाठी एकच! वीस वर्षं कॉलबॅक लवकरच येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्यामुळे कोण वाट बघतंय हे कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

सुरुवातीच्या पॅचमध्ये सवडीच्या नोंदींसाठी वेगळं फंक्शन होतं. नंतर ते उलटवलं गेलं: सवडीनं हाच नियम, आणि घाई असेल त्यानं घाईचं वेगळं फंक्शन वापरायचं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. घाईची खूण करायची राहून गेली तर यंत्र अडखळतं, तक्रार येते, दुरुस्ती होते. सवडीची खूण राहून गेली असती तर बॅटरी थोडी लवकर उतरली असती, आणि त्याबद्दल कोणी कधीच तक्रार केली नसती.

सतत राबणाऱ्या सर्व्हरवर याचा फारसा उपयोग नाही, तिथे रांग तशीही भराभर भरते. लॅपटॉप आणि फोन मात्र दिवसाचा मोठा भाग रिकामेच असतात. तरी हा पर्याय कर्नल बांधताना मुद्दाम निवडावा लागतो, आणि तो निवडण्याआधी मुख्य कर्नलबाहेर राहिलेले ड्रायव्हर तपासावे लागतात. असा ड्रायव्हर हाती आला की मी आधी त्यातला प्रत्येक आरसीयू कॉलबॅक उघडून तो कोणाला जागं करतो का, हे बघतो.