पोस्टर आधी, गाणं नंतर

लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करून खांदे दुखायला लागले, तेव्हा मी जालन्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. विषय छायाचित्रण आणि संकलन. मानधन यायचं तेव्हा यायचं, पण पोरं हुशार होती. 2019 च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं, की आपला अल्बम काढायचा. चार गाणी, त्यातल्या एकाचा व्हिडिओ आणि प्रसिद्धीसाठी पोस्टर. मार्गदर्शक अर्थात मी.

व्हिडिओचं गाणं कापूस वेचणीच्या ओव्यांवर बांधलं होतं. भोकरदनकडच्या एका गावातली विद्यार्थिनी ते गाणार होती. ओव्या तिच्या आजीकडून आलेल्या. पोरांनी त्याला ढोलकी आणि हार्मोनियम लावली आणि नाव दिलं ‘पऱ्हाटी’, म्हणजे कापसाचं झाड. चाल इतकी चांगली झाली होती, की मला आता फक्त गप्प बसायचं काम उरलं होतं. तेवढंच माझ्याकडून झालं नाही.

बी-बियाण्यांच्या एका दुकानदाराने खर्चाला हातभार लावायचं कबूल केलं होतं. त्याला काहीतरी दाखवायला हवं, म्हणून मी शूटिंगच्या आधी पोस्टर करायला बसलो. इंटरनेटवर पांढऱ्याशुभ्र कापसाच्या शेताचा एक झकास फोटो सापडला. क्षितिजापर्यंत सरळ ओळी आणि वर निळं आभाळ. तो टाकला. खाली दुकानाचं नाव, मालकाचा हात जोडलेला फोटो, वाद्यवृंदाची नावं आणि ‘मार्गदर्शक प्रा.’ असं लावून माझं नाव. तासिकेवरच्या माणसाला ‘प्रा.’ लिहायची संधी रोज मिळत नाही.

हेच चित्र चौकोनी कापून गाण्याच्या ॲपसाठी कव्हर म्हणून ठेवलं. तीन हजार पिक्सेल बाय तीन हजार पिक्सेल, मापात अगदी चोख. मोबाइलवर ते कव्हर नखाएवढं दिसतं आणि त्यात दुकानदाराच्या मिशांशिवाय काही ओळखू येत नाही, हे कळायला फार वेळ लागला नाही. पण तोवर दुकानदार खूश झाला होता, आणि खूश झालेल्या माणसाला मिशा काढा म्हणून कोण सांगणार?

शूटिंग मे महिन्यात ठेवलं, कारण परीक्षा तेव्हा संपतात. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी इथेच उभी केली. 2002 साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती याच कंपनीच्या बियाण्यांना. अशा गावात राहून कापूस कोणत्या महिन्यात फुटतो, हे मी नियोजनाच्या कागदावर कुठेही लिहिलं नव्हतं. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होते. पूर्वी फरदड, म्हणजे हंगामानंतरचं जास्तीचं पीक, घेणारे शेतकरी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पऱ्हाटी उभी ठेवायचे. पण 2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर शेत लवकर मोकळं करा म्हणून कृषी खातं मागे लागलेलं. त्यात ते वर्ष दुष्काळाचं. आम्ही मुलीच्या गावी पोचलो तेव्हा शेतात ढेकळं होती आणि रस्त्यावर टँकर. जाताना राजूरला गणपतीच्या गर्दीतही अडकलो होतो, कारण त्या दिवशी संकष्टी होती. कॅलेंडर माझ्याकडे होतं, पण कॉलेजचं.

पोरांनी मार्ग काढला. घरामागे सरपणाला रचलेल्या पऱ्हाट्या त्यांनी ओढून आणल्या, गावातल्या व्यापाऱ्याकडून थोडा कापूस मागितला आणि एकेका वाळक्या बोंडाला डिंकाने चिकटवला. रणरणत्या उन्हात ते दिवसभर हेच करत होते आणि मी बाभळीखाली बसून शॉट लिहीत होतो.

मुलीच्या वडिलांनी पोस्टर हातात घेऊन नीट पाहिलं आणि विचारलं, “सर, ह्या झाडाचे पानं कुठं गेले?” मी पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. बोंडं होती, पान एकही नव्हतं. अमेरिकेत कापूस यंत्राने वेचतात. त्याआधी फवारणी करून पानं गाळून टाकतात, म्हणजे यंत्रात कचरा जात नाही. आपल्याकडे वेचणी हाताने होते, मजुरी किलोवर मिळते, आणि पानांच्या आडून बोंड शोधणाऱ्या बायांच्या बोटांना ओरखडे पडतात. ओव्या त्या ओरखड्यांच्या होत्या. पोस्टरवर शेत असं होतं, की ज्यात वेचणारी बाई कधी गेलीच नाही. आमच्या डिंकवाल्या झाडांनाही पानं नव्हती, त्यामुळे व्हिडिओ आणि पोस्टर तेवढ्यापुरते जुळले.

तांत्रिक चुका भरून काढता आल्या. मोबाइलवर चित्रीकरण केल्यामुळे फ्रेमचा वेग सारखा राहिला नव्हता. पहिल्या कडव्यात ओठ आणि आवाज एकत्र चालायचे, शेवटच्या कडव्यात मुलगी आधी तोंड मिटायची आणि सूर नंतर थांबायचा. रात्री जागून तुकडे पाडून बसवलं. लग्नाच्या कॅसेटमध्ये असं काही झालं, की आम्ही मध्ये गुलाबाचं फूल फिरवायचो. इथे फूल नव्हतं, म्हणून बैल घातले.

भरून न आलेली चूक डीटीपीच्या दुकानात झाली. शीर्षक युनिकोडमध्ये टाइप केलेलं, त्यांच्याकडचा फाँट जुना, त्यामुळे छपाईत ‘प-हाटी’ असं मध्ये आडवी रेघ मारून येत होतं. त्या एका अक्षरावरून मी चांगलाच हुज्जत घालत होतो. फाँट बदलायला लावला, अक्षर जुळलं, मला विजय मिळाल्यासारखं वाटलं. मुलगी तिथेच उभी होती. दुकानातल्या पोराने कीबोर्डवरून मान वर न करता विचारलं, “गीत कुणाचं टाकू?” मी म्हणालो, “पारंपरिक टाक.” त्याने टाकलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे.

तिने मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, “सर, ह्या ओव्या आजीच्या हायेत.” मी ऐकलं ते असं, की आजी गाते. आजीने त्या रचल्या, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडची ओवी, म्हणजे ती गावाची, म्हणजे कुणाचीच नाही, असा माझा पक्का समज. शिकल्या-सवरलेल्या माणसाचा समज असल्यामुळे तो कुणी तपासतही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. त्या कामात गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं. मी हे वर्गात शिकवलं होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57, रचणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क, तेही फळ्यावर लिहून झालं होतं.

गावात मंदिरासमोर पडदा बांधून व्हिडिओ दाखवला. टाळ्या झाल्या, दुकानदाराचा सत्कार झाला, माझाही झाला. आजीला वाचता येत नव्हतं. तिने नातवाला पोस्टरवरची सगळी नावं मोठ्याने वाचायला लावली. तो दुकानापासून सुरुवात करून माझ्यापर्यंत आला. आजीने मला जवळ बोलावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “हा पारंपरिक कोन्या गावचा हाय, मास्तर?”

मी हसलो. आजूबाजूचेही हसले. मुलगी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओखालचं श्रेय बदललं, पोस्टर नव्याने केलं. त्यात आजीचं नाव सगळ्यात वर आणि फोटो तिच्याच अंगणातल्या पऱ्हाटीच्या ढिगाचा. फ्लेक्सचे आणि छापलेल्या पोस्टरांचे पैसे माझ्या खिशातून गेले, त्याचं काही नाही. मुलीने उरलेली दोन गाणी गायला नकार दिला. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने परीक्षेचं काहीतरी सांगितलं असतं आणि आम्ही दोघांनी ते खरं मानलं असतं. अल्बम दोन गाण्यांवर थांबला. त्या बॅचची पोरं आता पुण्यात, मुंबईत कामाला आहेत. भेटली की डिंकाची आठवण काढतात. ती मुलगी भेटत नाही.

दुरुस्त पोस्टर फारसं कुणी पुढे पाठवलं नाही. पहिलं मात्र अजून फिरतंय. गेल्या दिवाळीत ते मलाच एका ग्रुपवर शुभेच्छांसकट आलं. तुमच्या मोबाइलमध्ये बिनपानाच्या कापसाचं आणि मिशांचं ते पोस्टर असेल, तर कृपा करून पुसून टाका. आजीच्या नावाचं माझ्याकडे आहे, मागितलंत तर लगेच पाठवतो.