लागोपाठच्या दोन सफरी आणि मधला एक दिवस

मुदत ठेवीची तारीख भरते आणि ठेवीदार ती पुन्हा ठेवतो, तेव्हा रक्कम तीच असते. पावती, क्रमांक आणि व्याजाचा दर मात्र नवे होतात. वारसाचे नाव नव्या पावतीवर उतरले की नाही, हे शहाणा ठेवीदार स्वतः वाचून पाहतो. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या क्रूझच्या लागोपाठ दोन सफरी घेणाऱ्या प्रवाशाची मधल्या दिवशी हीच स्थिती असते. जहाज तेच, पुष्कळदा खोलीही तीच. पण जहाजाच्या दप्तरात तो प्रवासी सकाळी उतरलेला असतो आणि दुपारी नव्याने चढलेला असतो.

नाशिकच्या व्यापारी कुटुंबाला सोयीची पडणारी योजना साधारण अशी असते. शनिवार-रविवारला जोडून मुंबई-गोवा-मुंबई ही छोटी सफर सगळ्यांनी मिळून करायची. मग मुलगा-सून दुकानासाठी आणि नातवंडे शाळेसाठी परतायची, आणि थोरल्या जोडप्याने त्याच जहाजावर थांबून पुढची, लक्षद्वीपपर्यंतची मोठी सफर करायची. कागदावर योजना सुरेख दिसते. तिच्यातला कच्चा दुवा एवढाच की, पहिल्या सफरीत ज्याने भोजनाचे सांगितले, फोनवरचे अर्ज भरले, कार्ड दिले, तो मुलगा फेरपालटाच्या दिवशीच उतरून जातो. मागे राहतात ते सत्तरीच्या घरातले आई-वडील, आणि जहाजाच्या लेखी ते नवे प्रवासी असतात.

नाशिकचा या धक्क्याशी असलेला संबंध आजचा नाही. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब मेल पूर्वी बॅलार्ड पिअरवरूनच निघे. विलायतेहून टपाल-बोट आली की साहेब आणि टपालाच्या थैल्या घेऊन ती इगतपुरी-मनमाड मार्गे, म्हणजे नाशिकरोडवरूनच, उत्तरेकडे जाई. बोटीच्या परतीचे उतारूही याच लोहमार्गाने येत. त्या काळी समुद्रप्रवास हा व्यापारी घरांत सहलीचा विषय नव्हता. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला गेले, तेव्हा त्यांच्या समुद्रगमनावरूनच समाजात मोठा वाद झाला होता. आज प्रश्न जावे की नाही हा राहिलेला नाही. ताटात काय येईल आणि किती वाजता येईल, हा आहे. तोच या लेखाचाही मुख्य विषय आहे.

धक्क्याचे रूप आता पालटले आहे. बॅलार्ड पिअरवरील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याच्या हिशेबाने ते बांधलेले असून नोंदणी आणि इमिग्रेशन मिळून ७२ खिडक्या तेथे आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पंचवटी एक्सप्रेसमधून उतरलेल्या माणसाला टॅक्सीने हे अंतर अगदी थोडे आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून जे 'एम्प्रेस' जहाज देशांतर्गत सफरी करू लागले, ते १९९० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले आणि मुळात तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच आखले गेले होते. छोट्या सफरी म्हणजे वारंवार फेरपालट. त्यामुळे या दिवसाची सवय त्या जहाजाला जन्मापासून आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो आणि मुंबईच्या सफरी थांबतात. २०२२ च्या जून महिन्यात हेच जहाज चेन्नईहून चालवले गेले. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना हे वेळापत्रक आपोआपच जुळते.

फेरपालटाची सुरुवात आदल्या रात्री होते. उतरणाऱ्यांनी सामानाला चिठ्ठ्या लावून ते खोलीबाहेर ठेवायचे असते. थांबणाऱ्यांनी ठेवायचे नसते; पण मुलाच्या बॅगांबरोबर आईची औषधांची पिशवीही बाहेर गेली, तर ती दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या दालनात शोधावी लागते. औषधे, चष्मा, ओळखपत्रे आणि माळ-पोथी हातातल्या पिशवीतच असावी. खोली तीच राहणार असेल तर सामान आवरण्याचा प्रश्न येत नाही. बदलणार असेल तर कपडे हँगरसकट नव्या खोलीत पोहोचवण्याची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे, मात्र ते आदल्या रात्रीच स्वागतकक्षात ठरवून घ्यावे लागते. दोन्ही सफरींची नोंदणी एकाच वेळी करून खोली तीच मागणे, हा यावरचा खरा उपाय.

त्याच रात्री हिशेब पुरा होतो. जहाजावर रोकड चालत नाही; खर्च खोलीच्या कार्डावर चढतो आणि शेवटी बँकेच्या कार्डातून वसूल होतो. येथे एक बारकावा आहे, जो व्यापाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल. सफरीच्या सुरुवातीला कार्डावर काही रक्कम अडवून ठेवण्याची प्रथा आहे. पहिल्या सफरीची अडवलेली रक्कम मोकळी व्हायला बँकेला काही दिवस लागू शकतात, आणि तोवर दुसऱ्या सफरीसाठी नवी रक्कम अडवली जाते. डेबिट कार्ड दिले असेल तर खात्यातले पैसे दोनदा अडकल्यासारखे होतात. शिवाय पहिल्या सफरीला मुलाचे कार्ड जोडलेले असते. ते मुलाबरोबर उतरते. दुसऱ्या सफरीला वडिलांचे स्वतःचे कार्ड जोडून, त्याची मर्यादा पुरेशी आहे ना हे नाशिकहून निघण्यापूर्वीच पाहिलेले बरे. बिल रात्रीच वाचावे. सकाळी स्वागतकक्षापुढे जी रांग लागते, तीत गुडघे दुखणाऱ्याने उभे राहू नये.

सकाळी नाश्ता लवकर उरकतो आणि खोल्या रिकाम्या करण्याच्या सूचना सुरू होतात. थांबणाऱ्या प्रवाशालाही खाली उतरावे लागते की आतच बसता येते, हे बंदराच्या आणि कंपनीच्या नियमांवर ठरते. अमेरिकेच्या बंदरांत जहाज पूर्ण रिकामे झाल्याची मोजणी होईपर्यंत कोणालाही पुन्हा चढू देत नाहीत, इतकी ती बाब काटेकोर मानली जाते. मुंबईत त्या दिवशीची पद्धत काय, ते आदल्या रात्री विचारावे आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. नवे कार्ड मिळते, आणि जुने त्याच क्षणी निरुपयोगी होते. धर्मशाळेत मुक्काम वाढवताना खोली तीच असली तरी पावती नव्याने फाडावी लागते. त्यातलाच हा प्रकार. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. त्याचे कागद या दिवसावर ढकलण्यासारखे मुळीच नाहीत. ते नोंदणीच्या वेळीच पुरे करावेत.

उतरणाऱ्यांची शेवटची तुकडी गेली की जहाजात जी शांतता पसरते, ती अनुभवण्यासारखी असते. काल रात्री गाण्यांनी दणाणणारे सभागृह रिकामे, जिन्यांवर फक्त झाडू-पुसण्याचा आवाज, मार्गिकांत चादरींचे ढीग. शेकडो खोल्या काही तासांत नव्या करायच्या असतात. खाली धक्क्यावर भाजी, धान्य, दूध, बर्फाच्या पेट्या आत जात असतात. त्यांतल्या कांद्याच्या गोण्यांत लासलगावची एखादी असेलही. कांद्याच्या व्यापारावर वाढून ताटात तो न घेणाऱ्या नाशिककराला ती पाहून हसू यावे. बंदरातले पाणी गढूळ, म्हणून खाऱ्या पाण्याचे गोडे करणारी यंत्रे सहसा खोल समुद्रातच चालवतात. बंदरात पाणी भरून घेतात. कचरा उतरतो. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय कराराने संपूर्ण बंदी असल्याने ते सगळे धक्क्यावरच यावे लागते. पंगत उठल्यावर वाढपी, आचारी आणि भांडी घासणारे यांची जी लगबग असते, तीच येथे दहा मजल्यांवर एकाच वेळी चालते.

आणि याच लगबगीत कंदमूळविरहित भोजनाची चिठ्ठी हरवते. जैन भोजनाची सोय भारतीय क्रूझवर असते, पण ते सांगितलेले भोजन सफरीच्या क्रमांकावर नोंदलेले असते, माणसाच्या नावावर नव्हे. पहिल्या सफरीत ओळखीचा झालेला वाढपी दुसऱ्या सफरीत दुसऱ्या दालनात गेलेला असतो, किंवा रजेवर घरी. म्हणून नोंदणी करताना दोन्ही क्रमांकांवर स्वतंत्र लिहून द्यावे, आणि फेरपालटाच्या दुपारी जहाजावर पाय ठेवताच भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला स्वतः भेटावे. 'शाकाहारी' हा शब्द येथे पुरेसा नाही. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, आले अशी नावेच सांगावी लागतात, कारण नव्या आचाऱ्याला शब्दामागचा नियम ठाऊक असेलच असे नाही. अष्टमी किंवा चतुर्दशी त्या सफरीत येत असेल, तर तीही तारखेसह सांगून ठेवावी.

त्याहून अवघड असते ती वेळ. डिसेंबरात मुंबईचा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. संध्याकाळी सुटणाऱ्या जहाजावर सुरक्षा कवायतीचा भोंगा नेमका त्याच्या आधीच्या तास-दीड तासात वाजण्याचा संभव असतो, आणि रात्रीचे भोजनगृह तर त्यानंतर उघडते. चौविहार पाळणाऱ्याची जेवायची वेळ कवायतीत जाते. कवायत टाळता येत नाही, टाळूही नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. तेव्हाचा नियम चोवीस तासांची मुभा देत असे. १ जानेवारी २०१५ पासून नव्याने चढलेल्यांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक झाले. थांबलेल्या प्रवाशांना काही जहाजांवर सूट मिळते, काही जहाजांवर नुसती हजेरी लागते. सूट मिळाली तरी जोडप्याने जावे. खोली बदलली असेल तर जमण्याची जागाही बदललेली असते, आणि पहिल्या वेळी मुलाने हात धरून नेलेले असते.

यावर तोडगा एकच: चढल्याबरोबर, दुपारी चारच्या सुमारास, भोजनाची व्यवस्था मागून घ्यायची. बहुतेक जहाजांवर दुपारी खुले राहणारे एखादे उपाहारगृह असते. तेथे आधी सांगितल्यास ताट मिळू शकते. पुढच्या दिवसांसाठीही घरचे कोष्टक उपयोगाचे नाही. नाशिकचा सूर्यास्त मुंबईच्या आधी काही मिनिटे होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण लक्षद्वीप मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला असल्याने तेथे डिसेंबरात सूर्य दहा-पंधरा मिनिटे उशिरा मावळतो आणि मे महिन्यात तितकाच लवकर. उन्हाळी सुटीत मुंबईच्या वेळेवर विसंबलेला माणूस तेथे सूर्यास्तानंतर जेवत बसेल. रोजची वेळ जहाजाच्या स्वागतकक्षात विचारावी.

मधले चार-पाच तास मिळालेच, तर ते मुंबईत घालवावेत. टर्मिनलच्या खुर्च्यांवर नव्हे. पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथाचे दर्शन सहज होते. सोमवार ते शनिवारपैकी दिवस असेल तर मूळजी जेठा मार्केटही वाटेवरच आहे, आणि कापडाचा व्यापारी असलेल्या वडिलांना तेथून वेळेवर बाहेर काढणे हे त्या दिवसाचे सर्वांत कठीण काम ठरू शकते. रविवारी बाजार बंद, रस्ते मोकळे. बॅलार्ड इस्टेटमधली विटेट यांच्या आराखड्याची दगडी इमारतींची रांग अशा वेळी निवांत पाहता येते. ज्या भरावावर ती उभी आहे, त्यासाठी शेजारची गोदी खणताना निघालेली माती-दगड वापरले गेले, ही हिशेबी माणसाला आवडण्यासारखी गोष्ट आहे. परत येताना शिजवलेले अन्न बरोबर घेऊ नये. ते बहुतेक जहाजांवर आत जाऊ देत नाहीत. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या खाकऱ्याच्या पाकिटांविषयी मात्र विचारून पाहावे.

मुलाने सकाळीच नाशिकची वाट धरू नये. आई-वडिलांची नवी कार्डे हातात पडून ते आत जाईपर्यंत, आणि शक्य तर भोजनाचे ठरल्याचा त्यांचा फोन येईपर्यंत, त्याने मुंबईतच थांबावे. संध्याकाळची पंचवटी त्याला पुरते. जहाज बंदराबाहेर पडून कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्ज दीपगृह मागे टाकते, त्यानंतर काही वेळाने फोनची रेंज क्षीण होऊ लागते. साधारण त्याच सुमारास पंचवटीही कसाऱ्याचा घाट चढत असते, आणि बोगद्यांत मुलाच्या फोनचीही तीच गत होते. औषधांच्या वेळा, कुलपाची चावी, दुधवाल्याचा निरोप, जे बोलायचे ते सगळे त्याआधी बोलून घ्यावे.