पेंडिंगराव

पेंडिंगराव जन्माला येतात ते आनंदाच्या घटकेला. ब्रिटनमधल्या कुणा सट्टेबाजाने शनिवारच्या फुटबॉल सामन्यात, खेळ चालू असतानाच पैसे लावून चांगली कमाई केलेली असते. शहाणपण सुचून तो ॲपमधल्या ७०० पौंडांपैकी २०० बँकेकडे धाडतो. त्याच क्षणी शिलकीच्या खाली हे गृहस्थ हजर. खात्यातून निघालेले, बँकेत न पोचलेले. आयुष्य काही तासांचे. कंपनी रेंगाळली तर काही दिवसांचे.

दिसायला निरुपद्रवी. पण जिंकणारा त्यांना आपले धरतो आणि कंपनीही त्यांना गेलेले मानत नाही. दोन्ही घरी यांचे पान मांडलेले.

दर डावाला भांडवलाचे दोन टक्के, असा नेम पाळणाऱ्यांची ते फार गंमत करतात. खेळायला उरले ५००, म्हणजे डाव १० पौंडांचा. पण मनातल्या वहीत पेंडिंगरावही जमेला असतात, म्हणून लावले जातात १४. चार पौंडांनी काय होते? चालू सामन्यात होते. तिथे भाव सारखे हलतात, गोल झाला की बाजार थांबतो, पुन्हा उघडतो, आणि एका संध्याकाळी वीस-पंचवीस डाव सहज लागतात. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केलीने १९५६ साली भांडवलाचा किती हिस्सा लावावा याचे सूत्र मांडले; त्यातही वाटेवरच्या पैशाला वेगळी जागा नाही. (ज्याला बुकीपेक्षा जास्त काही कळत नाही, त्याला ते सूत्र 'काहीच लावू नकोस' असे सांगते. केलीचे भक्त एवढे सांगायचे सहसा विसरतात.)

पेंडिंगरावांची खरी चलती होती ती त्यांच्या शेजारी 'पैसे काढणे रद्द करा' हे बटण असायचे तेव्हा. बँकेत जायला दिवसचे दिवस, माघारी यायला एक टिचकी. मध्यंतराला संघ मागे पडलेला, खात्यात खडखडाट, अशा वेळी ते हाकेसरशी धावून येत. उशीर का, असे विचारले तर कागदपत्रांची तपासणी चालू आहे म्हणून उत्तर मिळे. तो उशीर नुसता आळस होता यावर माझा विश्वास नाही. ब्रिटनच्या जुगार आयोगाचाही नसावा. मे २०१९ पासून त्याने ओळखीची तपासणी खेळण्याआधीच करायला लावली आणि ऑक्टोबर २०२१ अखेर ते बटण कायमचे काढायला लावले.

कायद्याने तसे त्यांना उशिराच ओळख दिली. १८४५ च्या कायद्यामुळे तिथे पैजेचे पैसे कोर्टात वसूल करता येत नसत. देणे हा इभ्रतीचा मामला. २००५ चा जुगार कायदा सप्टेंबर २००७ मध्ये पुरता लागू झाला, तेव्हा कुठे त्यांच्यासाठी दावा लावायची सोय झाली. मुंबईतल्या त्यांच्या भावंडांच्या नशिबी तेवढेही नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार रद्दबातल ठरवते. क्रिकेटच्या बुकीने हात वर केले तर कुणाच्या दारात जाणार? शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला.

बटण गेल्यापासून विलायतेतले पेंडिंगराव पोक्त झाले आहेत. एकदा निघाले की मागे वळत नाहीत. पण त्यांच्या नावावर उधारी अजून चालते. क्रेडिट कार्डाने सट्टा खेळायला तिथे एप्रिल २०२० पासून मनाई आहे, डेबिट कार्डाने मात्र काही सेकंदांत पैसे भरता येतात. रविवारी सामना रंगतो, ॲपमधले ५०० संपतात, आणि 'दोनशे येतायतच की' असे म्हणत माणूस बँकेतले २०० भरतो. तेही जातात. दोन दिवसांनी पेंडिंगराव बँकेत पोचतात, तेव्हा तिथली शिल्लक शुक्रवारी होती तेवढीच भरते.