उतरणीच्या पायऱ्या

आपले हात आपल्या डोक्यापर्यंत पोहोचतात, याचे माणसाला कधी नवल वाटत नाही. मलाही अडुसष्ट वर्षे वाटले नव्हते. मागल्या वर्षी, पौषातल्या एका पहाटे, अंबाडा घालायला म्हणून हात उचलले, तो ते खांद्यापाशीच अडले. रात्रीतून कोणी दोन्ही खांद्यांत शिसे ओतून ठेवावे तसे! कुशीवर वळायचे तर पलंगाची कड धरावी लागे. खुर्चीतून उठायचे तर मांड्या ऐकत नसत. गंमत अशी, की दुपार झाली म्हणजे मी बरीचशी माणसांत येई. त्यामुळे ‘थंडी बाधली असेल’ म्हणून तेल चोळण्यातच महिना गेला.

शेवटी रक्त तपासले. त्यात शरीरात कुठेतरी दाह पेटल्याची खूण निघाली. डॉक्टरांनी नाव सांगितले : पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका. मला ते एखाद्या परदेशी राजकन्येचे वाटले! हा आजार पन्नाशीच्या आत सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. बायकांवर मात्र त्याचा लोभ अधिक. विल्यम ब्रूस या स्कॉटिश डॉक्टरने १८८८ साली त्याचे वर्णन केले, आणि हे लांबलचक नाव त्याला मिळाले १९५७ साली.

औषध म्हणून प्रेडनिसोलोन सुरू झाले. रोज सकाळी, न्याहारीनंतर, पंधरा मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी माझा अंबाडा माझ्याच हातांनी बांधला गेला. मी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर हसून म्हणाले, “चढणं सोपं होतं, आजी. आता उतरायचं आहे, आणि ते मी सांगेन तसंच.”

दोन महिन्यांत पंधरावरून दहावर आले. पुढे महिन्याला एक मिलिग्रॅम कमी करायचा. नवरात्र आले तेव्हा मी पाचावर होते. पण तोवर रक्तातली साखर वाढली होती, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या मागे लागल्या होत्या, आणि चेहरा असा वाटोळा झाला होता, की भेटेल ती बाई ‘तब्येत छान सुधारली हो!’ म्हणे. मनात आले, दिवाळीपर्यंत ही ब्याद घालवायचीच. कोणाला न सांगता मी पाचाचे तीन केले, आठवड्याने तिनाचे दोन. खांदे कुरकुरू लागले, तेही कोणाला कळू दिले नाही. चकल्यांच्या सोऱ्यावर जोर लावताना डोळ्यांत पाणी आले, ते तळणीच्या धुरावर ढकलले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र सोंग संपले. उटणे लावून पाटावर बसले, आणि पाण्याचा तांब्या गुडघ्यावरून वर जाईना. दाराबाहेर हे वाट पाहत होते. पुष्कळ वेळाने हाक मारली, “अहो, तांब्या उचलत नाही मला.” हे आत आले, एक शब्द न बोलता त्यांनी माझ्या अंगावर ऊन पाणी घातले, केस पुसले, वेडीवाकडी वेणी घातली. मग फराळाच्या ताटाशी हळूच म्हणाले, “अगं, तीस वर्षं शाळेत शिकवलंस. एखाद्या पोराला दोन यत्ता गाळून वर बसवलंस का कधी?”

मी मान खाली घातली. वेदनेपेक्षा ती चोरी अधिक लागली.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावले. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन चिमुकल्या ग्रंथी असतात. त्या शरीरासाठी रोज स्वतःचे स्टेरॉइड बनवतात. बाहेरून आयते मिळू लागले, की त्या झोपी जातात. घरात स्वयंपाकीण ठेवली, की आपला हात मोडतो, तसेच. औषध एकदम तोडले आणि त्या जाग्या झाल्या नाहीत, तर जिवावरही बेतू शकते. मला पुन्हा सातावर चढवले, आणि दर दोन महिन्यांनी एक असा उतार ठरला. शिवाय बजावले : कानशिलाजवळ नवे डोके दुखू लागले, चावताना जबडा दुखला, की नजर अंधारली, तर क्षणभरही थांबायचे नाही. याच आजाराच्या जोडीने रक्तवाहिन्यांचा दाह येऊ शकतो आणि तो दृष्टी नेतो.

आज मी चारावर आहे. दुखणे गेले असे नाही. दर वेळी मात्रा उतरली, की आठ-दहा दिवस अंग मोडून येते. वहीत मी रोज लिहिते, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे राहिला. दिवसागणिक आकडा घटला, तर ती उतरणीची कुरकुर म्हणायची. वाढतच गेला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे. पूर्वी वाटे, एक पायरी मागे गेले म्हणजे हरले. आता कळते, मागे गेल्याची लाज नाही. ते लपवण्याची होती.

औषध केव्हा सुटेल, हे मी आता विचारीत नाही. यंदा चकल्या थोड्याच केल्या. सोऱ्या ह्यांनी दाबला. काही तुटल्या, काहींना आकारच नाही, पण खुसखुशीत झाल्या आहेत. चतुर्दशीला तांब्या मीच उचलणार आहे. पाठीला तेल चोळायला मात्र ह्यांना आधीच सांगून ठेवले आहे.