माडसाबांचा स्वल्पविराम

आमची जयपूरला बदली झाली तेव्हा माझं इंग्रजी तर्खडकरांच्या पाठमालेवर पोसलेलं होतं. मराठी पाहुण्यांना शहर दाखवता दाखवता एकदा इंग्रजी माहितीपत्रक लिहायचं काम अंगावर आलं. चांदपोलच्या एका गल्लीत निवृत्त इंग्रजी शिक्षक राहायचे. अख्खी गल्ली त्यांना माडसाब म्हणे. भीत भीत कागद त्यांच्यापुढे ठेवला.

पहिलंच वाक्य होतं, ‘जयसिंग्ज ऑब्झर्व्हेटरी, जंतर मंतर, इज नियर द सिटी पॅलेस.’ लाल पेनाचं टोक स्वल्पविरामावर टेकवून ते म्हणाले, “बेटा, बाकी चार कहाँ गईं?”

मला कळेना. त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्या: दिल्ली, उज्जैन, मथुरा, वाराणसी. सवाई जयसिंहाने वेधशाळा पाच बांधल्या, आणि मी दोन स्वल्पविरामांत चार जमीनदोस्त केल्या होत्या! मथुरेची आज तशीही उरलेली नाही. तेवढी तरी माझ्या खात्यावर नको.

इंग्रजीत नामाला खेटून त्याचीच ओळख सांगणारं दुसरं नाम येतं. त्याच्यावाचून ‘कोणता?’ हा प्रश्न उरत असेल, तर मध्ये स्वल्पविराम नाही. उरत नसेल, तर दोन्ही बाजूंना हवा. जयपूरचा संस्थापक एकच, म्हणून त्यापुढच्या ‘सवाई जयसिंह’ला कुंपण. राजधान्या मात्र त्याच्या दोन, आधी आमेर, १७२७ मध्ये वसवलेलं जयपूर नंतरची; तिथे कुंपण घालायचं नाही. आपल्याकडे कुठली आलीय ही भानगड! ‘माझा भाऊ दिनू आला’ म्हटल्यावर भाऊ किती, हे कुणी मोजत नाही.

दुसरा स्वल्पविराम मी हमखास विसरायची. संक्रांतीला गच्चीवर पतंगाला सुत्तर बांधताना त्यांनी मुद्दाम एकच टोक बांधून पतंग माझ्या हातात दिला. तो गरगरत शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आपटला. ते काही बोलले नाहीत. मीच खाली जाऊन कागद दुरुस्त केला.

फीचं नाव काढलं की ते चहा मागवायचे. पुरणपोळी तेवढी घेत, तीही ‘मीठी रोटी’ म्हणून.

आम्ही जयपूर सोडलं तेव्हा त्यांनी आपलं जुनं व्याकरणाचं पुस्तक दिलं. पहिल्या पानावर इंग्रजीत ‘माझी विद्यार्थिनी’ आणि लगेच माझं नाव. मध्ये स्वल्पविराम आहे का, ते मी रिक्षातच पाहिलं. नव्हता. एवढी वर्षं शिकवलेल्या माणसाच्या विद्यार्थिनी थोड्या का असतील! तरी पान उजेडाकडे धरून मी पुन्हा एकदा पाहिलं.