बाजूची नजर

पनवेलच्या आमच्या धर्मग्रामात मिस्सेत वाचन करणारे एक गृहस्थ शेजारून जाणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नसत. हा अहंकार, असे समजून आम्ही त्यांना एकदा चारचौघांत बोललो. ते गप्प राहिले.

पुढे मुंबईत तपासणी झाली. मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडात खोगिरासारखा एक खळगा असतो. त्यात वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी वसते. तिच्याच वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. ग्रंथीत गाठ वाढली, की तेथे खालून दाब येतो आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर मंदावते. समोरचे दिसते, शेजारचा माणूस दिसत नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या कपाळाला व हातांना रुग्णाभ्यंगाचे तेल लावले आणि क्षमा मागितली. आता डोके उघडणार, या धास्तीत आम्ही होतो. डॉक्टरांनी मात्र नाकपुडीतून दुर्बीण नेली, नाकामागच्या पोकळीतून खोगिराचा तळ उघडला आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या सांभाळून गाठ काढली. नाकावाटेची ही वाट १९०७ साली इन्सब्रुक येथे हेरमान श्लोफर यांनी प्रथम चोखाळली होती.

त्यांची नजर हळूहळू परतली.

गुलगुथा म्हणजे कवटीची जागा, हे आम्ही दर गुड फ्रायडेला सांगत आलो. पण त्या जागी प्रभूच्या दोन्ही बाजूंना क्रूस होते, आणि मरणाच्या वेदनेतही त्याने बाजूच्या माणसाला ओळख दिली, हे आम्ही इतकी वर्षे नुसतेच वाचले होते.